मातीत काय कालवले

आषाढात आमच्या पडवीत लाकडी पाट यायला लागतात. कसालच्या आसपासच्या वाड्यांतली माणसे पावसातून आपापला पाट घेऊन येतात, भिंतीला उभा करतात, विडा ठेवतात आणि जाताना एवढेच सांगतात, की गेल्या वर्षीसारखाच. पाटाच्या खालच्या अंगाला घराची खूण असते. कुणाची रंगाची, कुणाची कोयत्याने पाडलेली खाच. या जागेला आम्ही गणपतीची शाळा म्हणतो. मी नोकरी केली ती दुसऱ्या शाळेत, मराठीची शिक्षिका म्हणून. पण कुणी नुसते ‘शाळा’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ही पडवीच येते.

आमची जमीन तांबडी, जांभ्याची. पहिल्या पावसात अंगणातून पाणी वाहते ते रक्त सांडल्यासारखे दिसते. पण त्या मातीचा गणपती होत नाही, ती हातात भुरभुरते. मूर्तीला मळ्यातली राखाडी चिकणमाती लागते. ती आणायची, वाळवायची, खडे वेचायचे, भिजत घालायची, मग लाकडी मोगरीने बडवायची आणि बडवताना तिच्यात कापूस पिंजून घालायचा, म्हणजे वाळताना हात-सोंड तडकत नाहीत. आता गुजरातेतून शाडूची पोती येतात, पण वडील असेपर्यंत आमच्याकडे मळ्यातलीच माती होती. ते म्हणायचे, “मातयेक आधी काय व्हया ता इचार, मगे हात लाव.” आणि हात लावण्याआधी ते हात धुवायचे. मातीत घालायचे हात धुऊन काय उपयोग, असे मी लहानपणी विचारलेही होते. उत्तर मिळाले नाही. ते मिळाले पुष्कळ वर्षांनी, गिलगमेशच्या जुन्या बाबिलोनी कथेत. तिथे अरुरू नावाची देवी एन्किदूला घडवायला बसते तेव्हा आधी हात धुते, मग मातीचा चिमटा काढते आणि तो रानात टाकते.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. लहानपणी त्याला एका शाळेत घालायला नेले, तिथून परत पाठवले. मग तो या शाळेत बसला. मोगरी धरण्याइतका झाला तेव्हापासून माती तोच मळतो, आणि गेली चाळीस वर्षे अंगही तोच उभे करतो. मी फक्त शेवटी येते, डोळ्यांच्या आखणीला. आमच्या एका आतेने त्याच्याबद्दल एकदा सगळ्यांसमोर म्हटले होते, “ह्याका घडवताना देवान घाई केल्यान.” वडील मूर्तीवरची नजर न काढता म्हणाले, “घाईत केल्लो जिन्नस असो नसता. हात बघ तेचे.” ही दोन वाक्ये माझ्या मनातून कधी गेली नाहीत. माणूस कसा घडला, याच्या जुन्या कथा मी पुढे वाचत गेले त्या याच दोन वाक्यांच्या ओढीने.

सुरुवात झाली १९८३ साली. एम.ए.च्या अभ्यासाला ‘ख्रिस्तपुराण’ होते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये जन्मलेला जेझुइट. १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्याला उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. चाळीस वर्षे साष्टीत काढली, तिथली बोली शिकला, ग्रांथिक मराठी शिकला, आणि ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. त्याची मराठीची स्तुती शाळेच्या पुस्तकांतून आपल्या सगळ्यांच्या कानावर आलेली असते. त्यापुढचे मात्र फार थोडे लोक वाचतात. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा आहे, म्हणजे हिब्रू लोकांची. परमेश्वराने माती घेऊन पहिला पुरुष कसा घडवला, त्याच्यात प्राण कसा घातला, ही गोष्ट माझ्या माहितीत मराठीत सविस्तर आली ती इथे, ज्ञानेश्वरीच्याच छंदात.

ग्रंथालयातली प्रत बांडेलूंनी संपादित केलेली होती, १९५६ ची, देवनागरीतली. बाकीची मुले परीक्षेपुरते प्रसंग वाचत होती. मी मात्र माणूस घडवण्याच्या ओव्यांशी आले आणि थांबले. सोळाव्या-सतराव्या शतकातला एक इंग्रज माझ्या पडवीतल्या कामाचे वर्णन माझ्याच भाषेत करीत होता. त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ग्रंथाला पुराण म्हटले. नव्या धर्मात आलेल्या साष्टीतल्या लोकांची पुराणे गेली होती. श्रवणाला बसायची सवय मात्र गेली नव्हती, आणि ती त्याने ओळखली. धर्मांतराचा तो काळ आमच्या बाजूला कुणी हलक्या आवाजात आठवत नाही. देवळे पाडली गेली, देव खाडी ओलांडून आणले गेले. ते सगळे मनात ठेवूनच मी हे पुस्तक वाचते, आणि तरीही म्हणते की या माणसाने मराठीवर जीव लावला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पुस्तकाचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उरलेली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. टिकल्या त्या हाताने उतरवलेल्या पोथ्या. गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या, घरात वाचल्या, आणि १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला त्यांवरून ग्रंथ छापला. लंडनच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी पोथीही निघाली. छापलेले नाहीसे झाले आणि हाताने लिहिलेले राहिले. नोकरीत असताना मी एकदा भावाला घेऊन राचोलला गेले. झुआरीच्या काठी उंचावर सेमिनरीची पांढरी इमारत आहे. मला छापखान्याची जागा पाहायची होती. भाऊ आत गेल्यापासून फक्त भिंतीवरची चित्रे पाहत होता. एका मूर्तीच्या पायाची बोटे त्याला पटली नाहीत, तसे त्याने मला खुणेने सांगितलेही.

स्टीफन्सच्या मागे हिब्रू ग्रंथ. त्या ग्रंथाच्या मागे काय, हे मला पुढे कळले, तेही तुकड्यातुकड्याने.

हिब्रूत माणूस म्हणजे ‘आदाम’ आणि जमीन म्हणजे ‘अदामा’. त्याच आवाजाच्या जवळ ‘अदोम’ म्हणजे तांबडा, आणि ‘दाम’ म्हणजे रक्त. हे वाचले त्या दिवशी मी मागच्या दारी जाऊन आमच्या तांबड्या मातीकडे नव्याने पाहिले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणूस ‘घडवला’ असे जे क्रियापद आहे ते कुंभाराच्या कामाचे. कुंभाराला हिब्रूत ‘योत्झेर’ म्हणतात, तो त्याच धातूपासून आलेला शब्द. यिर्मया संदेष्टा तर कुंभाराच्या घरीच जाऊन उभा राहतो आणि चाकावर बिघडलेले भांडे पुन्हा वळले जाताना पाहतो. आमच्याकडून मालवणला निघाले की कट्टा, चौके करीत रस्ता कुंभारमाठाला जातो. ते नाव एसटीच्या खिडकीतून मी किती वेळा वाचले असेल, पण यिर्मया वाचल्यापासून त्या थांब्यावर मला तो दारात उभा असलेला दिसतो.

मात्र हिब्रू कथेत मातीत काही कालवलेले नाही. देव मूर्ती घडवतो आणि तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बस्स. आमच्याकडे चतुर्थीला भटजी येऊन प्राणप्रतिष्ठा करतात तोवर आम्ही त्या आकाराला ‘मूर्ती’ म्हणतो, नंतर ‘बाप्पा’. म्हणून ही फुंकर मला समजायला अवघड गेली नाही. अवघड गेले ते दुसरेच. त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात स्त्री आणि पुरुष सहाव्या दिवशी एकत्रच उत्पन्न होतात, शब्दाने, मातीला हात न लावता. दुसऱ्या अध्यायात आधी तो, मग त्याच्या बरगडीतून ती. या दोन निराळ्या कथा आहेत आणि ग्रंथ बांधणाऱ्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. एकीसाठी दुसरी पुसली नाही. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

बरगडीच का, याचे एक उत्तर सुमेरच्या कथेत असावे असे सॅम्युएल क्रेमर या अभ्यासकाने सुचवले. एन्की आणि निन्हुरसाग यांच्या कथेत एन्की आठ वनस्पती खातो आणि त्याच्या शरीराची आठ ठिकाणे दुखू लागतात. प्रत्येक ठिकाणासाठी एकेक देवता जन्मते. बरगडीसाठी जन्मते ती निन-ती. सुमेरी भाषेत ‘ती’ म्हणजे बरगडी, आणि ‘ती’ म्हणजे जगणेही. बरगडीची बाई आणि जगवणारी बाई, दोन्ही एकाच नावात. हिब्रूत तो श्लेष चालत नाही, पण तिथेही पहिल्या स्त्रीचे नाव हव्वा, म्हणजे जीवन. गोव्याच्या कोकणीत तिला एवा म्हणतात आणि त्याला आदांव. एका नावाने किती पाणी ओलांडले!

आता त्या मुळाकडे येते. ‘अत्राहासिस’ नावाचे बाबिलोनी काव्य तीन मातीच्या पाट्यांवर आहे, मिळून १२४५ ओळी. जी जुनी प्रत हाती आली ती अम्मी-सदुका राजाच्या काळातली, इ.स.पू. १७ व्या शतकातली. पाट्यांच्या शेवटी उतरवून घेणाऱ्याचे नाव आहे, इपिक-आया, आणि तो स्वतःला कनिष्ठ लेखनिक म्हणवतो. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एक शिकाऊ मुलगा ओल्या मातीवर बोरूने माणूस मातीचा कसा झाला ते लिहीत बसला होता. एकोणिसाव्या शतकात तुकडे सापडत गेले. जॉर्ज स्मिथने त्यांतले काही वाचले आणि १८७६ मध्ये पुस्तक काढले. सगळी जुळवाजुळव होऊन लॅम्बर्ट आणि मिलर्ड यांची संपूर्ण आवृत्ती आली ती १९६९ मध्ये. मी वाचले ते स्टेफनी डॅली यांचे भाषांतर. भाच्याने आणून दिलेले ते पुस्तक मी तीन पावसाळे पुरवले.

ही कथा देवांच्या कष्टाने सुरू होते. माणूस अजून नाही, म्हणून खालच्या पायरीचे देव, इगीगी, कालवे खणतात, तैग्रिस आणि युफ्रेटिसची पात्रे उपसतात, मातीच्या पाट्या वाहतात. वर्षानुवर्षे. शेवटी ते कुदळी-पाट्या पेटवून देतात आणि रात्री वरच्या देवांतल्या एन्लिलच्या दाराला वेढा घालतात. जगाच्या इतक्या जुन्या लेखी कथांपैकी एकीची सुरुवात कामबंदीने होते. एन्लिल रडतो. मग ठरते, की पाटी वाहायला माणूस निर्माण करू. देवी मामी माती मागते, एन्की ती शुद्ध करून देतो. देवांतल्याच एकाला मारतात आणि त्याचे रक्त-मांस त्या मातीत कालवतात. त्या देवाचे नाव आणि अक्कडी भाषेतला माणसाचा शब्द ‘अविलू’ एकमेकांत मुरवलेले आहेत. त्याच्या ठायी ‘टेमू’ होती, म्हणजे समज, बेत करण्याची बुद्धी. त्याच्यामुळे माणसात ‘एटेम्मू’ आला, म्हणजे मेल्यावर मागे राहतो तो. त्याला जिवंतांनी अन्नपाणी द्यायचे असते. गणपती गेले की आमच्याकडे पंधरवड्यात म्हाळ येतो, केळीच्या पानावर वाढून काव काव अशी हाक मारतात. बाबिलोनच्या घरातली माणसेही पितरांसाठी जेवण ठेवीत आणि पाणी ओतीत.

मग बाकीचे देव त्या मातीवर थुंकतात. माती कालवणाऱ्याला हे वाचून घाण वाटत नाही. पाणी किती, ओल किती, हे जिभेच्या टोकाने पाहणारे कारागीर मी पाहिले आहेत. मामी त्या गोळ्याचे चौदा तुकडे करते. सात उजवीकडे, सात डावीकडे, मध्ये एक वीट. सात पुरुष होतात, सात स्त्रिया. ती वीट पुढे प्रत्येक बाळंतिणीच्या घरात नऊ दिवस ठेवायची, अशी काव्याचीच आज्ञा आहे. आपल्याकडे पाचवीला पाटा-वरवंटा पुजतात, सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, बारशाला वरवंट्यालाच कुंची घालून पाळण्याखालून नेतात. त्यांनी विटेपाशी केले ते आपण दगडापाशी केले, कारण त्यांच्याकडे दगड नव्हता. त्या सपाट गाळाच्या देशात घर मातीचे, पत्र मातीचे, फार जुन्या काळी कापणीचे विळेसुद्धा भाजलेल्या मातीचे. माणूस दुसऱ्या कशाचा असणार?

या काव्यात एक ओळ अशी आहे, की पुढे सदैव ढोल ऐकू येत राहील. मारलेल्या देवाच्या मांसातून माणसात आलेला हा ढोल म्हणजे हृदयाचा ठोका असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटते. शिमग्यात आमच्याकडे ढोल वाजतो तेव्हा भाऊ गर्दीतून पुढे जातो आणि ढोलाच्या कडेवर तळवा ठेवून उभा राहतो. वाजवणारे त्याला ओळखतात, जागा देतात.

दोन कथांमधला फरक मला एका कामकरी घरातली मुलगी म्हणून फार जाणवला. बाबिलोनमध्ये माणूस देवांची पाटी उचलण्यासाठी जन्मतो. कष्ट हेच त्याचे कारण. पुढे ‘एनुमा एलिश’ या काव्यात तेच पुन्हा येते, तिथे रक्त किंगूचे, बंड करून हरलेल्या बाजूच्या देवाचे. हिब्रू कथेत देव माणसाला बागेत ठेवतो, ती कसायला आणि राखायला. घाम नंतर येतो, शिक्षा म्हणून. आमच्याकडची पार्वती आपल्या अंगाच्या मळातून गणपती घडवते तो दारावर बसवायला, म्हणजे त्यालाही काम आहेच, पण तो तिचा मुलगा आहे. तिने कालवले ते परके रक्त नव्हे, स्वतःचेच अंग. या तिन्ही कथांत मला जवळची कोणती, हे सांगायची गरज नाही. पण खरी वाटते ती बाबिलोनची. सकाळी महामार्गाच्या चौपदरीकरणावर घमेली वाहणाऱ्या बायका कसाल तिठ्यावर टेम्पोतून उतरताना मी कितीतरी महिने पाहिल्या. ती पाटी कुणाची होती, हे त्या कवीने कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले.

ही हिब्रू कथा कोकणात स्टीफन्सच्या आधीपासून राहत होती का? अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएल लोकांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांची परंपरा आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. त्यांच्याकडे पोथ्या उरल्या नव्हत्या, शेमाची प्रार्थना, सुंता आणि शनिवार एवढे उरले होते. कथा किती उरली असेल? शनिवार उरला होता, आणि शनिवार म्हणजे सृष्टी करून देव थांबला तो दिवस. घाणा थांबवणारा माणूस दर आठवड्याला पहिल्या माणसाच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बसत होता. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांनी मराठीत ग्रंथ छापले, कीर्तनेही केली, झांजा-पेटीवर, जुन्या करारातल्या कथांची. आणि विसाव्या शतकात पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या, छपाई पूर्ण झाली ती १९२४ मध्ये. हव्वेची गोष्ट हिब्रूतून मराठीत एका बाईने आणली, हे मी वर्गात प्रत्येक वर्षी सांगत असे, अभ्यासक्रमात नसले तरी.

बाबिलोनी मातीचे आणि आपल्या किनाऱ्याचे नातेही अगदी पुस्तकी नाही. लेयार्ड या उत्खनन करणाऱ्या इंग्रजाने असिरियातल्या निमरूदला जे शिल्पपट खणून काढले ते बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला गेले. काही असिरियन शिल्पपट मुंबईतच राहिले आणि आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मी ते पाहायला गेले तेव्हा दगडातल्या दाढीच्या कुरळ्या ओळी मोजत उभी राहिले. आमच्या गणपतीच्या मुकुटाची नक्षी अशीच एकेक टोचून काढावी लागते.

आता ज्या कथेसाठी हे सगळे लिहायला बसले ती सांगते. सुमेरी भाषेतली, एन्की आणि निन्माह यांची. माणूस घडून झाला आहे, पाटी त्याच्या डोक्यावर गेली आहे, आणि देव मेजवानीला बसले आहेत. बिअर भरपूर झाली आहे. निन्माह एन्कीला म्हणते, माणसाचे शरीर चांगले होईल की वाईट हे माझ्या मनावर आहे. एन्की म्हणतो, तू कसेही घडव, मी त्याला जागा शोधून देईन. निन्माह मातीतून एकेक असा माणूस करते ज्याच्यात काही उणे आहे. एकाचे हात दुबळे, वाकत नाहीत. त्याला एन्की राजाच्या सेवेत नेमतो. एकाला दिसत नाही. त्याला गाण्याची विद्या देतो आणि राजापुढे बसवतो. एकाचे पाय निकामी, एका बाईला मूल होत नाही, एक ना पुरुष ना स्त्री. प्रत्येकाला काम, प्रत्येकाला भाकरी, प्रत्येकाला दरबारात जागा.

हे वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाहेर पाऊस होता. पडवीत भाऊ दिव्याखाली एका गणपतीचा उजवा हात जोडत होता. आतेचे शब्द त्या क्षणी माझ्या कानात जसेच्या तसे आले. घाई केल्यान. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हेच म्हटले होते, की देव प्यालेले होते, पैज लागली होती, म्हणून अशी माणसे झाली. आणि त्याच श्वासात त्याने वडिलांचेही वाक्य म्हटले होते. हात बघ तेचे. त्या कवीने अपंग माणसाला पाप चिकटवले नाही, मागल्या जन्माचा हिशोब काढला नाही. चूक घडवणाऱ्यांची, आणि जागा शोधण्याची जबाबदारीही घडवणाऱ्यांचीच. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात आंधळा आहे, पांगळा आहे, बहिरा नाही. मला ते फार लागले. जणू त्या मेजवानीत माझ्या भावाचे नाव घ्यायचे राहिले. शेवटी एन्की स्वतः एक जीव घडवतो, उमुल नावाचा, त्याला मान धरता येत नाही, भाकरी धरता येत नाही, उत्तर देता येत नाही, आणि निन्माहला त्याच्यासाठी काही सुचत नाही. काही अभ्यासकांना तो तान्हे मूल वाटतो. मीही तसेच वाचते. पहिल्या दिवशी कुणाला भाकरी धरता येते?

मी उठून पडवीत गेले आणि भावाला ही गोष्ट खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. आमच्या खुणा घरच्या आहेत, कुणी शिकवलेल्या नाहीत. माती म्हणजे अंगठा बोटांवर चोळायचा. देव म्हणजे सोंड. पिणे सगळ्यांना कळते. मी देव प्यालेला दाखवला, माती दाखवली, माणूस दाखवला, डोळे मिटून दाखवले, मग हाताने पेटी वाजवून दाखवली. त्याने लक्ष देऊन पाहिले. मग स्वतःच्या कानाला बोट लावले आणि भुवया उंचावल्या. त्याचे काय झाले? मी त्याच्या हातातल्या गणपतीकडे बोट केले. तो हसला नाही. त्याने मान हलवली आणि हात जोडायचे काम पुढे चालू केले, ओला ब्रश फिरवून सांधा मिटेपर्यंत.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे कुडोपीला गेलो. मालवण तालुक्यातल्या त्या गावाच्या सड्यावर जांभ्यात कोरलेली चित्रे आहेत, माणसांसारखी, पाय फाकलेली, काही माणसे की आणखी काही हे न कळणारी. गावकरी त्या जागेला बावल्यांचे टेंब म्हणतात. सतीश लळीत यांनी २०१२ मध्ये ती जगापुढे आणली, आणि २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाली. त्या यादीत राजापूरजवळचे बारसूही आहे. तिथे एक माणूस मधे आणि दोन्ही बाजूंना वाघ असे चित्र आहे. दोन हातांनी दोन जनावरे आवरणारा असा माणूस मेसोपोटेमियाच्या मुद्रांवरही सापडतो. पण मुद्रेच्या शेजारी पाटी आहे, पाटीवर अक्षरे आहेत, अक्षरांत नावे आहेत. आमच्या सड्यावर फक्त आकार. ही पहिली माणसे होती, त्यांचे देव होते, की त्यांच्या बाळंतिणी, हे सांगणारे शब्द वाऱ्याबरोबर गेले. आमच्याच जमिनीतली गोष्ट आम्हाला येत नाही आणि तैग्रिसकाठची येते, याचे मला तिथे उभे असताना रडू आले.

भाऊ मात्र खाली बसला होता. ऊन तापायच्या आधीची वेळ होती, सावल्या तिरक्या पडलेल्या. त्याने एका बावलीच्या खांद्यापासून पायापर्यंत चरातून बोट फिरवले, पुन्हा फिरवले, मग दुसऱ्या बाजूने. चर एका अंगाला उभा कापलेला होता आणि दुसऱ्या अंगाला उतरता. त्याने थोडा विचार केला, उठला, बावलीच्या डाव्या कुशीला गेला आणि तिथे उकिडवा बसला, गुडघे चराला समांतर, उजवा हात पुढे. मग माझ्याकडे पाहून त्याने जमिनीवर दोनदा थाप मारली. घडवणारा इथे बसला होता.